चौथी प्रत

ठोसरबाई परवान्याच्या नूतनीकरणाला यायच्या तेव्हा अर्जाच्या चार प्रती आणायच्या. नियमाप्रमाणे तीन लागत. माझ्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांची एक प्रत माझ्या टेबलावरून गहाळ झाली होती, आणि पुढच्या वर्षी त्यांनी चार प्रती माझ्यापुढे ठेवल्या. मी शहाणपणा करून एक परत केली. म्हटलं, "बाई, तीनच लागतात." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ठाऊक आहे, शेळके. ही चौथी तुमच्याकडून हरवण्यासाठी." त्यानंतर मी त्यांचा एकही कागद हरवला नाही. हिंमतच झाली नाही. पण चौथी प्रत दर वर्षी येतच राहिली.

मी पुण्यात एका सरकारी ऑफिसात कारकून होतो. परदेशी नागरिक इथं राहायला आले की त्यांची नोंद करायची, त्यांना राहण्याचा परवाना द्यायचा, तो वेळच्या वेळी वाढवून द्यायचा, एवढंच आमचं काम. माणसं म्हणाल तर बहुतेक कॉलेजातली पोरं. सुदानची, इराणची, कुठकुठली. त्या गर्दीत एक दिवस सुती पातळ नेसलेली, घट्ट अंबाडा घातलेली, हातात कापडी पिशवी घेतलेली चाळिशीची एक बाई उभी राहिली. मला वाटलं चुकून आली. मी म्हटलं, "बाई, रेशनचं ऑफिस पलीकडच्या इमारतीत." त्या म्हणाल्या, "मला रेशन नको. मला भारतात राहायचं आहे." आणि पिशवीतून परवान्याचं पुस्तक काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. नाव: नलिनी ठोसर. राष्ट्रीयत्व: ब्रह्मदेश. पत्ता: शनिवार पेठ, पुणे.

त्यांची हकीकत साधी होती. वडील रंगूनला लाकडाच्या वखारीत कारकून. तो देश स्वतंत्र झाल्यावर नोकरी टिकावी म्हणून वडिलांनी तिथलं नागरिकत्व घेतलं, त्यात पोरीही आल्या. नलिनी लग्न होऊन पुण्यात आली ती तिकडच्या पासपोर्टवर. नवरा शाळेत गणिताचा मास्तर, सज्जन आणि चालढकल्या. "नागरिकत्वाचं काम पुढच्या सुट्टीत करून टाकू" असं दर सुट्टीत म्हणायचा. अशाच एका सुट्टीत तो गेला. मूलबाळ नाही. शनिवारातल्या घराचा वरचा मजला बाईंकडे राहिला. खालचा मजला धाकट्या दिराचा. दीर स्वतः तोवर कोथरूडला बंगला बांधून राहायला गेले होते.

ज्या बाईचं मराठी ऐकून मला माझ्या मराठीची लाज वाटायची, ती कागदोपत्री परदेशी. आमच्या भिंतीवर सूचनांचा एक तक्ता होता. बाईंनी पहिल्याच वर्षी तो वाचला आणि मला म्हणाल्या, "यात कर्तव्यं नऊ लिहिली आहेत आणि हक्क एकही नाही. लिहिणाऱ्याची शाई संपली का?" मी कोथरूडचा, म्हणजे कोथरूड गाव होतं आणि आमच्या घरामागं ज्वारी उभी असायची तेव्हाचा. पेठेतल्या बोलण्याची मला सवय नव्हती. घरी येऊन आईला सांगितलं, तर आई म्हणाली, "लई तिखट बाई हाय. पण खोटं काय बोलली?"

बाईंचा स्वतःचा एक तक्ता होता, आणि तो त्या बाकावर बसलेल्या पोरांना ऐकवायच्या. "परवाना उशाशी, पत्ता खरा, आणि पोच खिशात." पोच म्हणजे कागद दिल्याची सही-शिक्क्याची पावती. तिच्यावर त्यांची फार भिस्त. पोरांना मराठी यायचं नाही, पण बाई ते इतक्या वेळा आणि इतक्या ठणकावून सांगायच्या की पोरांचं पाठ झालं. सुदानचा युसूफ नावाचा एक उंच पोरगा होता, तो माझ्याकडे अर्ज दिला की तळहात पुढे करून म्हणायचा, "पोच." दुसरा शब्द नाही. बाई त्याला शाबासकी द्यायच्या आणि वर म्हणायच्या, "आधी कर्तव्य पुरं करावं, म्हणजे हक्क मागताना घसा बसत नाही."

आता त्या बाकाचं सांगतो, कारण सगळं त्या बाकावरच घडलं. आमच्या खोलीबाहेर व्हरांड्यात एक लाकडी बाक होता. त्याच्या डाव्या टोकाला एक खिळा वर आलेला होता. माहीत असलेले लोक उजवीकडे बसत. ज्यांना चौकशीसाठी बोलावलेलं असे, त्यांनी साहेबांचं बोलावणं येईपर्यंत तिथं बसायचं. त्यांना पाणी कुणी विचारत नसे. नियम नव्हता तसा, पण रीत होती, आणि ती रीत आम्ही कारकुनांनीच पाडली होती.

मास्तर गेल्यावर दोनेक वर्षांनी बाईंनी स्वतःच नागरिकत्वाचा अर्ज भरला. चार प्रतींत. तो चौकशीसाठी फिरत असतानाच वाईहून निरोप आला की सासूबाई अत्यवस्थ आहेत. सासूबाई लेकीकडे, म्हणजे बाईंच्या नणंदेकडे असायच्या. बाई गेल्या. आठवडाभर म्हातारीचं सगळं केलं. म्हातारी गेली. आता आमचा नियम असा होता की परवानाधारकाने नोंदवलेल्या पत्त्यावरून दोन आठवड्यांपेक्षा जास्त बाहेर राहायचं झालं तर आधी ऑफिसला कळवायचं. बाईंना हा नियम माझ्यापेक्षा पक्का माहीत. त्या दिराला म्हणाल्या, "भाऊजी, मी एक दिवस पुण्याला जाऊन कळवून येते." आणि दीर म्हणाले, "वहिनी, थोरली सून तुम्ही. तेरा दिवस घर सोडायचं नाही. सुतकात कुणी सरकारी दारात जातं का? मी बघतो काय ते."

यात बाईंची चूक झाली, आणि ती पुण्यातल्या शिकल्यासवरल्या बाईचीच होऊ शकते. ज्या बाईने आयुष्यात कुणाच्या तोंडी शब्दावर पोच घेतल्याशिवाय विश्वास ठेवला नाही, ती सुतक म्हटल्यावर गप्प बसली. सुतकात कुणाला शिवायचं नाही, देव बंद, बाहेरची कामं बंद. दिराकडून तिने पोच मागितली नाही. तेरावं झालं, गोडाचं जेवण झालं, आणि बाई वीस दिवसांनी पुण्याला आल्या. भाऊजींनी म्हटल्याप्रमाणे खरंच बघितलं होतं. आमच्याकडे टाइप केलेलं एक निनावी पत्र येऊन पडलं होतं.

या दिराला सगळे भाऊसाहेब म्हणत. पांढरंशुभ्र धोतर, जाकीट, दोन-तीन संस्थांचं अध्यक्षपद. सत्यनारायणापासून स्वातंत्र्यदिनापर्यंत कुठंही भाषण करायला तयार, आणि भाषणात देश हा शब्द दर वाक्यात. शनिवारातलं घर पाडून तिथं इमारत उठवायची, असं त्यांनी एका बिल्डरशी ठरवून ठेवलं होतं. अडचण एकच, वरच्या मजल्यावरची वहिनी. अर्धं घर मास्तरांचं, म्हणून आता बाईंचं. "परदेशी बाईला इथं हिस्सा नसतो" असं त्यांनी एकदा बाईंना ऐकवलं होतं. बाईंनी उत्तर दिलं, "विकत घ्यायला परवानगी लागते, भाऊजी. नवऱ्याकडून येतं त्याला लागत नाही. वकिलाला फी देण्यापूर्वी मला विचारत जा, मी फुकट सांगते." हिस्सा नाकारता येत नाही म्हटल्यावर माणूसच देशाबाहेर काढायचं त्यांनी ठरवलं. मी डूख धरणारा माणूस आहे, हे कबूल करतो. पण या माणसावर मी जो धरला तो आधी माझा नव्हता. तो मी बाईंकडून घेतला आणि नीट सांभाळला.

पत्रात लिहिलं होतं की सदर ब्रह्मी स्त्री पत्ता सोडून दोन आठवड्यांहून जास्त बेपत्ता आहे, तिचा परवाना रद्द करून तिला देशाबाहेर घालवावं. खाली सही, एक जागरूक नागरिक. आणि शेवटी एक ओळ जास्तीची: "सुतकाची सबब सांगून सदर स्त्री सुटू पाहील, परंतु कायद्याला सुतक नसते." बाईंना चौकशीला बोलावलं गेलं. साहेब मीटिंगला गेले होते. बाई अकरा ते चार त्या बाकावर बसल्या. मी त्यांच्यासमोरून तीन वेळा गेलो आणि तिन्ही वेळा खाली बघून गेलो. चौकशीतल्या माणसाशी सलगी दिसली तर साहेब काय म्हणतील, ही माझी भीती. पाणीसुद्धा विचारलं नाही. ही गोष्ट मी आजवर घरीही सांगितलेली नाही.

दुपारी भाऊसाहेब आले. काम काही नव्हतं, बघायलाच आले होते. व्हरांड्यात थांबले आणि म्हणाले, "अरेच्चा, वहिनी, आपण इथं कशा?"

"बोलावलं, म्हणून आले."

"काही अडचण असेल तर सांगा हो. साहेब ओळखीचे आहेत."

"अडचण काही नाही, भाऊजी," बाई म्हणाल्या. "तुमच्यासाठी जागा धरून ठेवली आहे."

भाऊसाहेब हसले आणि गेले. चार वाजता साहेबांनी बोलावलं. बाई उठल्या तेव्हा खिळ्यात अडकून त्यांचं पातळ वीतभर फाटलं. मास्तरांनी आणलेलं शेवटचं पातळ होतं ते, हे मला नंतर कळलं. बाईंनी फाटलेला भाग हातात धरला, बाकाकडे नीट पाहून घेतलं आणि आत गेल्या. जबाब मीच टाइप केला. त्यांनी कारण सांगितलं, सासूबाईंचं निधन आणि सुतक, आणि कारण देऊन वर म्हणाल्या, "चूक माझी आहे. कळवायला हवं होतं. तसं लिहा." साहेबांनी लेखी ताकीद दिली. नागरिकत्वाचा अर्ज परत पाठवला. परवाना वर्षाचा होता तो तीन-तीन महिन्यांवर आणला, आणि आणखी एक चूक झाली तर देश सोडावा लागेल असं लिहिलं. बाहेर आल्यावर बाई माझ्या टेबलापाशी थांबल्या.

"शेळके, पत्र कुणी लिहिलं हे मी विचारत नाही. तुम्हाला सांगता येणार नाही. त्यात सुतक हा शब्द आहे का, एवढंच सांगा."

मी शाईचा पॅड उघडला आणि बंद केला.

"कळलं," बाई म्हणाल्या. "ताकीद मिळाल्याची पोच तुम्हाला हवी असेल ना? आणा, सही करते."

त्यानंतर दर तीन महिन्यांनी बाई यायच्या. आल्या की आधी बाकाच्या डाव्या टोकाकडे बघायच्या. एकदा शिपाई हातोडी घेऊन खिळा ठोकायला निघाला, तर म्हणाल्या, "राहू दे. कुणाची तरी वाट बघतोय तो." मी शिपायाला परत पाठवलं. पुढेही तो खिळा मी कधी ठोकू दिला नाही. बाईंना घाई नव्हती. घाई आम्हाला सुटली होती, मला आणि शिपायाला.

दोन वर्षं गेली. एक दिवस बाई बाकावर बसून युसूफचा अर्ज तपासत होत्या. पुस्तकात पत्ता एका हॉस्टेलचा होता. बाईंनी विचारलं, "मेसचं जेवण कसं आहे?" तो म्हणाला, मी हॉस्टेलमध्ये राहतच नाही, वर्ष झालं. मालकांच्या बंगल्यात राहतो, कोथरूडला. आम्ही सात जण आहोत. मालक म्हणतात, माझा पत्ता लिहायचा नाही, लिहिलात तर खोली सोडा. बाईंनी मालकाचं नाव विचारलं. युसूफने सांगितलं, "ठोसर." बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. मी टेबलावरून सगळं बघत होतो. इतकं समाधान मी कुठल्या देवळातून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या तोंडावरही पाहिलेलं नाही.

नियम दोन्ही बाजूंनी होता. परदेशी माणसाने पत्ता बदलला तर त्याने कळवायचं, आणि ज्याने त्याला घरात ठेवलं त्याने तर एका दिवसाच्या आत कळवायचं. देश देश म्हणून भाषणं करणाऱ्या भाऊसाहेबांनी सात पोरांपैकी एकाचीही नोंद केली नव्हती. मला वाटलं, बाई आता लगेच अर्ज खरडतील. तसं झालं नाही. त्या म्हणाल्या, "आधी पोरांची सोय, मग भाऊजींची. माझ्या भांडणात या पोरांचे परवाने जायला नकोत." पंधरा दिवस त्या पेठेत दारोदार फिरल्या. कुणाची रिकामी खोली, कुणाची माडी, असं करत सातही पोरांना जागा मिळवून दिल्या, आणि घरमालकांच्या नोंदीचे कागद स्वतः भरून दिले. मग सातही पोरांना घेऊन आल्या. प्रत्येकाच्या हातात दोन अर्ज. एक, मी आजवर कोथरूडला अमुक बंगल्यात राहत होतो, कळवायला उशीर झाला, माफी असावी. दुसरा, आता इथं राहायला जातो आहे. चार चार प्रती. आणि माझ्या टेबलापुढे सात तळहात. "पोच."

पोरांना तोंडी समज देऊन सोडलं, कारण ती आपण होऊन आली होती. भाऊसाहेबांना चौकशीचं पत्र गेलं. ते पत्र मी स्वतः टाइप केलं, आणि नोकरीत इतकं स्वच्छ टाइप मी आधी कधी केलं नव्हतं.

भाऊसाहेब अकराला आले. तेच धोतर, तेच जाकीट. माझ्याकडे येऊन म्हणाले, "साहेबांना सांगा, ठोसर आलेत." मी म्हटलं, "बसा बाकावर." साहेब खोलीतच होते. त्यांच्यापुढे फाइल न्यायचं काम माझं होतं, आणि ती मी चार वाजता नेली. मधल्या वेळात, ठरवल्यासारख्या, खरं तर ठरवूनच, ठोसरबाई आल्या. त्यांच्या तीन महिन्यांच्या मुदतीचा तो दिवस होता. भाऊसाहेब बाकाच्या उजव्या टोकाला बसले होते. बाई म्हणाल्या, "भाऊजी, जरा डावीकडे सरका. तिकडे वारा चांगला येतो." वहिनीचा आवाज इतका गोड होता की भाऊसाहेब सरकले.

बाई उजवीकडे बसल्या. दोघं तासभर शेजारी बसून होते. पोरं येत होती, बाईंना नमस्कार करत होती आणि भाऊसाहेबांकडे बघत होती. युसूफही होता. त्याने बाईंसाठी आमच्या माठातून पाण्याचं भांडं भरून आणलं. मी अडवलं नाही. बाई ते सावकाश प्यायल्या. भाऊसाहेबांना कुणी विचारलं नाही. चार वाजता त्यांचं नाव पुकारलं गेलं, ते ताडकन उठले आणि धोतर फाटण्याचा आवाज साहेबांच्या खोलीपर्यंत गेला. बाई म्हणाल्या, "जपून, भाऊजी. खिळा आहे तिथं. जुना आहे."

आत ते साहेबांना म्हणाले, मला नियम माहीत नव्हता. साहेब म्हणाले, माहीत नव्हता ही सबब चालत नाही. मी ते वाक्य जबाबात घेतलं, खाली रेघ मारून. लेखी ताकीद मिळाली, सात वेळा, दर पोरामागे एक. शनिवारात ही बातमी बाईंनी सांगितली नाही. गरजच पडली नाही. फाटलेलं धोतर धरून माणूस ऑफिसातून बाहेर पडला की पेठेला पुढचं आपोआप कळतं. बिल्डरनेही काढता पाय घेतला. दोन संस्थांनी पुढल्या वर्षी अध्यक्ष बदलला.

साहेब बदलले. नव्या साहेबांनी बाईंची फाइल वाचली आणि परवाना पुन्हा वर्षाचा केला. मी आनंदाने बाईंना म्हटलं, "आता नागरिकत्वाचा अर्ज घाला. मी स्वतः फिरवतो, दोन-चार महिन्यांत होईल." बाई म्हणाल्या, "नाही, शेळके. आता नाही."

"का?"

"भाऊजी सगळ्यांना सांगत होते, परदेशी बाई आहे, आज ना उद्या जाईल. आता परदेशी म्हणूनच त्यांच्या मजल्याच्या डोक्यावर राहीन. मरेपर्यंत. त्यांना दर वर्षी कळलं पाहिजे की ही गेली नाही."

मी खूप समजावलं. पटलं नाही, आणि आजही पटलेलं नाही. त्या हट्टापायी बाईंनी आयुष्यात एकदाही मत दिलं नाही. निवडणूक आली की खिडकीत बसून रांगेकडे बघायच्या, असं त्यांच्या शेजारणीने मला सांगितलं. त्याहून वाईट म्हणजे रंगूनची धाकटी बहीण आजारी पडली तेव्हा बाई गेल्या नाहीत. एकदा बाहेर पडलं की परत यायला नव्याने परवानगी लागणार, आणि ती न मिळाली तर मजला आयता भाऊजींच्या हातात. बहीण तिकडेच वारली. तार हातात घेऊन बाई माझ्या टेबलापाशी आल्या. मला वाटलं, आता तरी तिकडे जाऊन यायचा अर्ज असेल. म्हणाल्या, "हे फाइलला लावून ठेवा. भाऊजींच्या नावावर." त्या दिवशी त्यांचे डोळे सुजलेले होते आणि मला त्यांच्या सुडाचा राग आला होता. तो राग कुणावर काढायचा हे मात्र मला लगेच कळलं.

पुढे पुढे त्या थकल्या. जिना चढताना दोनदा थांबायच्या. एकदा मला वकिलाकडे घेऊन गेल्या आणि मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करायला लावली. वरचा मजला वाईच्या नणंदेच्या मुलीला. सही झाल्यावर म्हणाल्या, "आणि परवानाधारक मेला की त्याचं पुस्तक ऑफिसात कुणी जमा करायचं?" मी म्हटलं, "ज्याच्या घरात मृत्यू झाला त्याने, किंवा जवळच्या नातलगाने. लगेच कळवावं लागतं." बाई म्हणाल्या, "लगेच म्हणजे सुतकातच." मी म्हटलं, "हो." त्यांनी समाधानाने मान हलवली. मग रिक्षा बोलवायला सांगितली.

माझ्या निवृत्तीला काही महिने उरले असताना बाई गेल्या. झोपेत गेल्या, शनिवार पेठेत, वरच्या मजल्यावर. मूलबाळ नव्हतं, म्हणून अग्नी भाऊसाहेबांनी दिला. मी लांब उभा होतो. मला रडू आलं, आणि ज्याने त्यांना हाकलायचा घाट घातला त्याच्याच हातात मडकं बघून ते आटलंही.

दुसऱ्या दिवशी अकराला भाऊसाहेब आमच्या ऑफिसात आले. डोकं भादरलेलं, अंगावर उपरणं, पंचाहत्तरीचा माणूस, हातात एक जाड पाकीट. बाईंच्या कपाटात, परवान्याच्या पुस्तकाशेजारी ठेवलेलं होतं म्हणाले. वर बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं, "भाऊजींनी स्वतः जाऊन द्यावे. उशीर झाल्यास सात ताकिदी पूर्वीच्या आहेत." ते माझ्यापासून हातभर लांब उभे राहिले. म्हणाले, "शेळके, मला सुतक आहे. तेरावं झाल्यावर आलो तर चालणार नाही का?"

मी म्हटलं, "कायद्याला सुतक नसतं, भाऊसाहेब. तुम्हीच कळवलं होतं एकदा."

ते पत्र निनावी होतं, पण ते माझं नव्हे असं ते म्हणाले नाहीत. मी बाकाकडे बोट दाखवलं. ते गेले आणि उजवीकडे बसले. इतक्या वर्षांनीही लक्षात होतं. अर्ध्या तासाने म्हणाले, "थोडं पाणी मिळेल का?"

"सुतकात आमच्या माठाला कसं शिवू देऊ?" मी म्हटलं.

हे मी बोललो. म्हाताऱ्या माणसाला बोललो. पश्चात्ताप झाला म्हणावं तर झाला नाही. शिपायाने मला न विचारता त्यांना हॉटेलातून पाणी आणून दिलं, आणि मी त्यालाही काही म्हटलं नाही.

मग मी पाकीट उघडलं. मृत्यू कळवण्याचा अर्ज, बाईंनी स्वतः भरलेला. नाव, राष्ट्रीयत्व, परवान्याचा क्रमांक, सगळं त्यांच्या अक्षरात. माहिती देणाऱ्याचं नाव: भाऊसाहेबांचं. नातं: दीर. फक्त मृत्यूची तारीख आणि वेळ मोकळी सोडली होती, आणि तिथं पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं, "इथे भाऊजी." भाऊसाहेबांनी माझ्या टेबलाशी वाकून तारीख लिहिली. तीन प्रतींवर लिहून त्यांनी पेन ठेवलं.

"अजून एक आहे," मी म्हटलं.

"नियमात तीनच आहेत."

"चौथी माझ्याकडून हरवण्यासाठी."

त्यांनी चौथीवरही लिहिलं. मग सरळ होत विचारलं, "आता झालं ना? मजला रिकामा झाला, असं काही लिहून मिळेल का?" मी म्हटलं, "ते आमच्याकडे मिळत नाही. वकिलाकडे कागद आहे. त्यावर साक्षीदार मी आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं. उपरणं सावरून ते निघाले. मी पोच फाडून त्यांच्या मागे धावलो आणि हातात दिली. बाईंनी मला तेवढं शिकवलं होतं.

तीन प्रती फाइलला लावल्या. पुस्तकावर रद्दचा शिक्का मारला. चौथी प्रत मात्र माझ्याकडून हरवली. निवृत्त झाल्यावर माझ्याच घरी सापडली, आणि ती आता माझ्या कपाटात असते. त्यात सर्वांत खाली एक रकाना आहे, परवानाधारकाने नोंदवलेल्या पत्त्यात काही बदल झाला आहे काय. त्यापुढे बाईंनी लिहिलं आहे, "नाही."